अतिप्रगत एआयचे नियम लिहिणारी सरकारी टीम : पहिलं काम कोणतं?

निळी_शाई (लंडन) | रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे, आणि खरोखर मदत हवी आहे म्हणून काढते आहे.

मी मूळची वाईची. अकरा वर्षं ब्रिटिश सरकारच्या नोकरीत आहे. आजवरचं काम वस्तूंच्या सुरक्षिततेचं: खेळणी, चार्जर, ई-बाइकच्या बॅटऱ्या. कुठल्या वस्तूची कोणती चाचणी घ्यायची, ती कुणी घ्यायची, नापास झाली तर बाजारातून परत कशी मागवायची, हे नियम लिहिण्यात ही वर्षं गेली. आता अतिप्रगत एआयच्या नियमांवर काम करणाऱ्या टीमच्या प्रमुखाची जागा निघाली आहे आणि मी अर्ज करावा असं वरिष्ठांनी सुचवलं आहे. मुदत महिनाअखेरपर्यंत. नोकरीच्या शिस्तीमुळे जे जाहीर आहे तेवढंच इथे लिहू शकते.

पार्श्वभूमी अशी. १ आणि २ नोव्हेंबर २०२३ला इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये एआयच्या सुरक्षिततेवर परिषद झाली. २८ देश आणि युरोपीय संघ यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या, त्यात भारत होता आणि चीनही होता. त्याच सुमारास इथे एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट ही सरकारी संस्था सुरू झाली (या फेब्रुवारीत तिचं नाव एआय सिक्युरिटी इन्स्टिट्यूट झालं). तिचं मूळ म्हणजे तंत्रज्ञानातले गुंतवणूकदार इयान होगार्थ यांच्या अध्यक्षतेखालचा, १० कोटी पौंडांचा सरकारी टास्कफोर्स. ही संस्था मोठ्या कंपन्यांची मॉडेलं बाजारात येण्याआधी तपासते. २०२४च्या शेवटी अमेरिकेच्या तशाच संस्थेबरोबर मिळून तिने ॲन्थ्रॉपिकचं एक आणि ओपनएआयचं एक मॉडेल तपासलं आणि निष्कर्ष प्रसिद्ध केले. काम उत्तम आहे, पण सगळं कंपन्यांच्या राजीखुशीवर. उद्या एखादी कंपनी नको म्हणाली तर तिच्या दारात उभं राहायला कायदा नाही.

जुलै २०२४मध्ये संसदेतल्या राजाच्या भाषणात (त्यात सरकार आपले येऊ घातलेले कायदे सांगतं) सांगितलं गेलं की सर्वांत शक्तिशाली मॉडेलं बनवणाऱ्यांवर बंधनं घालणारा योग्य कायदा आणण्याचा सरकार प्रयत्न करेल. त्याला सोळा महिने झाले. विधेयक अजून मांडलेलं नाही. तेव्हा पीटर काइल तंत्रज्ञानमंत्री होते, या सप्टेंबरपासून लिझ केंडल आहेत.

माझी खरी अडचण वेगाची आहे. इथे कायदा करायचा तर आधी धोरणाची टिपणी, मग मंत्र्यांची संमती, इतर खात्यांची संमती, जनतेकडून सूचना, मग मसुदा लिहिणारे सरकारी वकील, मग दोन्ही सभागृहं आणि शेवटी त्याखालचे नियम. भराभर झालं तरी दोन-तीन वर्षं. या क्षेत्रात तेवढ्यात दोन पिढ्या उलटतात. युरोपने डिसेंबर २०२३मध्ये आपल्या एआय कायद्यावर राजकीय सहमती केली तेव्हा मॉडेल किती मोठं हे ते घडवताना झालेल्या गणितावरून ठरायचं. सप्टेंबर २०२४मध्ये ओपनएआयचं ओ१ आलं. ते उत्तर देण्याआधी बराच वेळ 'विचार' करतं, म्हणजे शक्तीचा एक भाग घडवणुकीतून वापराकडे सरकला. मोजपट्टी लिहून शाई वाळायच्या आत मोजायची वस्तू बदलली.

तर प्रश्न असा: अशा टीमची जबाबदारी तुमच्यावर आली तर पहिले शंभर दिवस तुम्ही कशात घालवाल?

---

तिसरा_प्रहर (पुणे) | ९ नोव्हेंबर

ताई, अभिनंदन, आणि अर्ज नक्की करा. पण माझी बाजू ऐका.

आम्ही सहा जण मिळून मराठी बोलीतलं बोलणं ओळखणारं एक छोटं मॉडेल बनवतोय. आमच्यासारख्यांना 'एआयचं नियमन' हे शब्द ऐकले की आधी हिशेब सुचतो, वकिलाचा खर्च किती? तुम्ही नियम लिहिता पाच-सहा राक्षसी कंपन्यांसाठी. त्यांच्याकडे अनुपालनासाठी माणसांचा अख्खा मजला असतो. नियम खाली झिरपत आमच्यापर्यंत आला की आमचं दुकान बंद.

आणि दुसरं. अतिप्रगत, अतिप्रगत म्हणताना आजचं नुकसान बाजूला पडतं. माझ्या मावशीला तिच्या मुलाच्या आवाजात फोन आला होता, पैसे पाठव म्हणून. तो आवाज बनवायला कुठलंही राक्षसी मॉडेल लागत नाही.

---

कृष्णाकाठ (सांगली) | १० नोव्हेंबर

तुम्ही वाईच्या, म्हणजे आमच्याच नदीच्या वरच्या अंगाच्या. म्हणून धिटाईने लिहितो. मला एआयमधलं कळत नाही. मी राज्याच्या बाष्पके संचालनालयात एकतीस वर्षं काढली. साध्या भाषेत बॉयलर इन्स्पेक्टर. नोकरीतली बरीच वर्षं साखर कारखान्यांच्या पट्ट्यात गेली. नातवाने हा धागा दाखवला. रात्रभर डोक्यात घोळत राहिला, कारण तुम्ही लिहिलेली अडचण आमच्या खात्याच्या जन्मापासूनची आहे.

१८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली. त्यानंतर १८६४चा बंगालचा कायदा आला. त्यात कलकत्ता शहर आणि उपनगरांतले वाफेचे बॉयलर तपासायची सोय झाली. आपल्याकडचा हा पहिला बॉयलर कायदा. मग प्रत्येक प्रांताने आपापला केला. सात कायदे झाले, सातही वेगळे. एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात चालेना. शेवटी १९२०-२१ला समिती बसली आणि १९२३चा एक कायदा सगळ्या देशाला लागू झाला.

आता पाहा. १९२३चा कायदा पातळ आहे. बॉयलर म्हणजे काय, नोंदणी कशी, दाखला किती दिवसांचा, मालकाने काय करायचं, न केल्यास दंड, एवढंच. पत्रा किती जाड, सांधा कसा, हे त्यात नाही. ते सगळं १९५०च्या रेग्युलेशनमध्ये, आणि ती बदलायला संसदेत जावं लागत नाही, केंद्रीय बॉयलर मंडळ बदलतं. रिव्हेट गेले, वेल्डिंग आलं, दाब कितीतरी पटींनी वाढले, कायदा तोच राहिला. शंभर वर्षं टिकला. या २०२५मध्ये नवा कायदा आला, त्याचाही सांगाडा बराचसा जुनाच आहे.

त्यामुळे वेगाबद्दल माझं उत्तर असं की वेगाने बदलणारं काही कायद्यात घालूच नका. कायद्यात फक्त माणसाला आत जायचा हक्क घाला.

आमच्या कायद्यातलं सर्वांत मोलाचं कलम कुठलं असं मला विचाराल तर ते दंडाचं नाही. मालकाने बॉयलर थंड करून, रिकामा करून, मॅनहोल उघडून तपासणीसाठी तयार ठेवायचा, हे ते कलम. मी ड्रममध्ये उतरायचो, टॉर्च आणि हातोडी घेऊन. हातोडीने पत्रा वाजवला की आवाजावरून कळतं कुठे पोकळ झालाय. बाहेर उभं राहून, कारखान्याने दिलेला कागद वाचून ते कधीच कळलं नसतं.

---

रानजाई (औसा) | १० नोव्हेंबर

काका, किती छान लिहिलंत. मी शिक्षिका आहे, विज्ञान शिकवते. निळी_शाई, मोजपट्टीचं जरा सोपं करून सांगाल का? युरोपने काय मोजलं?

---

निळी_शाई (लंडन) | १० नोव्हेंबर

काका, तुमचा प्रतिसाद दुपारच्या सुट्टीत तीनदा वाचला. सविस्तर लिहिते, आधी रानजाईंचा प्रश्न.

मॉडेल घडवताना संगणक बेरजा-गुणाकार करत असतात. युरोपच्या कायद्यात म्हटलं आहे की या क्रियांची एकूण संख्या १०च्या २५व्या घाताच्या, म्हणजे एकावर पंचवीस शून्यांच्या पुढे गेली तर त्या मॉडेलमुळे व्यापक धोका संभवतो असं धरायचं. अंदाज यावा म्हणून: आजच्या दहा हजार चांगल्या चिप साधारण महिनाभर अखंड चालवल्या की तिथवर पोचतो. खर्च प्रचंड. त्यामुळे तिसरा_प्रहर, तुमच्या सहा जणांच्या मॉडेलपासून ही रेघ आकाशाएवढी लांब आहे. ती छोट्यांना वगळण्यासाठीच काढलेली आहे. कॅलिफोर्नियाने या सप्टेंबरात केलेल्या कायद्यात रेघ आणखी दहापट वर आहे, एकावर सव्वीस शून्यं. त्यातली अधिक कडक बंधनं तर वर्षाला ५० कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच आहेत.

या मोजपट्टीचा फायदा असा की मॉडेल घडवण्याआधीच आकडा ठाऊक असतो आणि चिप मोजता येतात. तोटा मी वर लिहिलाच. मोठ्या मॉडेलकडून शिकवून तयार केलेलं लहान मॉडेल रेघेच्या खाली राहून बरंच काही करू शकतं.

मावशींच्या फोनबद्दल: तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मला ते लहान वाटत नाही. पण तिथे फसवणूक करणारा माणूस आहे, त्याला पकडायचा कायदा आहे, पोलीस कमी पडतात. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. जैविक अस्त्र बनवायला किंवा मोठा सायबर हल्ला करायला मदत करू शकेल अशी क्षमता एखाद्या मॉडेलमध्ये आली आहे का, हे ते घराघरांत पोचण्याआधी कुणाला तरी कळलं पाहिजे.

---

कृष्णाकाठ (सांगली) | ११ नोव्हेंबर

रेघेबद्दल एक अनुभव सांगतो.

जुन्या कायद्यात २२.७५ लिटर, म्हणजे पाच गॅलनच्या वरचं भांडं तो बॉयलर. पुढे तो आकडा २५ लिटर झाला. हेतू चांगला होता, किरकोळ भांड्यांमागे इन्स्पेक्टर नको. झालं काय? पाण्याचा साठा २५ लिटरच्या आत ठेवून नळीच्या वेटोळ्यातून भरपूर वाफ काढणारी यंत्रं बाजारात आली. जाहिरातीतच लिहिलेलं असतं, आयबीआर (म्हणजे १९५०ची ती बॉयलर रेग्युलेशन) लागू नाही, नोंदणी नको, इन्स्पेक्टर नको. सगळी वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण भांड्याचा आकार मोजायचं ठरवलं की लोक धोका कमी करत नाहीत, आकार कमी करतात.

रेघ काढा, तिच्याशिवाय काम सुरू होत नाही. पण ती हलवायचा अधिकार आधी हातात ठेवा.

---

पावसाळी_वाट (ल्युव्हन, बेल्जियम) | ११ नोव्हेंबर

मी इथे कायद्यात पीएचडी करते, विषय हाच. काकांच्या शेवटच्या वाक्याला जोडून: युरोपच्या कायद्यात ती सोय आहे. पंचवीस शून्यांची रेघ युरोपीय आयोग (युरोपीय संघाचं कार्यकारी मंडळ) पूरक आदेशाने बदलू शकतो, पूर्ण कायदा पुन्हा संसदेतून न्यावा लागत नाही. आणि रेघेच्या खालचं मॉडेलही धोकादायक वाटलं तर आयोग त्याला त्या वर्गात घालू शकतो.

इथला क्रम सांगते, निळी_शाईंना उपयोगी पडेल. कायदा १ ऑगस्ट २०२४ला अमलात आला. त्यात मोठ्या मॉडेलांसाठी तत्त्वं आहेत. ती प्रत्यक्षात कशी पाळायची याची आचारसंहिता वेगळी लिहिली गेली. तेरा स्वतंत्र तज्ज्ञांनी ती लिहिली (एआयचे नामवंत संशोधक योशुआ बेंजिओ त्यांतले एक), सुमारे हजार जणांनी सहभाग घेतला, चर्चेसाठी तीन मसुदे निघाले. मे २०२५ची मुदत टळली, १० जुलैला अंतिम प्रत आली. मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेकांनी सही केली. मेटाने नाकारली. इलॉन मस्क यांच्या एक्सएआयने फक्त सुरक्षिततेच्या प्रकरणावर केली.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. बंधनं २ ऑगस्ट २०२५पासून लागू झाली, पण दंड करायचा, माहिती मागवायचा, मॉडेल स्वतः तपासून बघायचा अधिकार आयोगाला मिळणार २ ऑगस्ट २०२६पासून. म्हणजे वर्षभर नियम आहे आणि मॅनहोल बंद. हा काळ माणसं जमवण्यासाठी दिला आहे असं समजलं तर ठीक. पण ब्रसेल्समध्ये मसुद्याच्या स्वल्पविरामावर जितके तास गेले, त्याच्या निम्मे तरी तांत्रिक माणसं मिळवण्यावर जायला हवे होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

काका, तुमच्याकडे बॉयलरमध्ये दुरुस्ती केली तर?

---

कृष्णाकाठ (सांगली) | ११ नोव्हेंबर

रचनेत बदल करायचा असेल तर मुख्य निरीक्षकांची लेखी परवानगी आधी. बॉयलरवर नोंदणी क्रमांक ठोकलेला असतो, मालक बदलला तरी क्रमांक जात नाही.

---

पावसाळी_वाट (ल्युव्हन) | ११ नोव्हेंबर

इथे नेमका हाच वाद झाला. एकाने बनवलेलं मॉडेल दुसऱ्याने पुढे शिकवलं तर जबाबदार कोण? आयोगाच्या जुलैतल्या मार्गदर्शनात असं आहे की मूळ घडवणुकीच्या एक तृतीयांशाहून जास्त गणित तुम्ही वर केलंत तर नवे उत्पादक तुम्ही. पुन्हा रेघच. आणि थोडक्या गणितात सुरक्षेची कुलपं काढून टाकता येतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

---

ओव्हल_मैदान (मुंबई) | १२ नोव्हेंबर

उच्च न्यायालयात वकिली करतो. आपल्याकडचा एक धडा नोंदवतो.

१ मार्च २०२४ला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सूचनापत्र काढलं: पुरेशी चाचणी न झालेली एआय मॉडेलं भारतातल्या वापरकर्त्यांना देण्याआधी केंद्र सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी. गदारोळ झाला. हे मोठ्या मंचांसाठी आहे, स्टार्टअपना लागू नाही, असा खुलासा राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांना करावा लागला. १५ मार्चला नवं सूचनापत्र आलं आणि परवानगीची अट गेली.

हेतूवर माझा आक्षेप नाही. पण परवाना देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार मूळ कायद्यात कुठे होता? मध्यस्थांच्या, म्हणजे समाजमाध्यमांसारख्या मंचांच्या, दक्षतेच्या नियमांना एवढं वजन पेलत नाही. नियम लिहिणाऱ्याने पहिल्या दिवशी स्वतःला विचारावं, हे मी कोणत्या कलमाच्या बळावर लिहितो आहे, आणि न्यायालयात समोरचा वकील उभा राहिला तर ते टिकेल का? निळी_शाई, टीममध्ये पहिल्याच आठवड्यात वकील घ्या, मसुदा झाल्यावर नको.

गेल्याच बुधवारी, ५ तारखेला, मंत्रालयाने एआय प्रशासनाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. आयआयटी मद्रासचे प्रा. बालरामन रवींद्रन समितीचे अध्यक्ष होते. सध्या स्वतंत्र कायदा नको, असलेले कायदे वापरा, अशी भूमिका आहे. सध्यापुरती ती मला पटते. पण कायदा नको म्हणताना आत जायचा हक्क कुठून येणार, याचं उत्तर मला त्यात सापडलं नाही.

काकांनी सात प्रांतांचं सांगितलं ते वाचून अमेरिका आठवली. तिथे राज्यं आपापले कायदे करू लागली म्हणून त्यांना दहा वर्षं मनाई करणारं कलम काँग्रेसपुढे आलं होतं. १ जुलै २०२५ला सेनेटने ते ९९ विरुद्ध १ मतांनी काढून टाकलं. एक देश, एक कायदा हे ठीक. पण आधी तो एक कायदा तरी हवा.

---

निळी_शाई (लंडन) | १२ नोव्हेंबर, रात्री उशिरा

काका, आता तुमच्याशी थोडा वाद घालते. राग मानू नका.

बॉयलरचं शास्त्र पक्कं आहे. दाब मोजता येतो, पत्रा किती ताण सहन करेल ते गणिताने निघतं. आमच्याकडे दाबमापकच नाही. एखाद्या मॉडेलला शंभर प्रश्न विचारून आपण म्हणतो, याने धोकादायक उत्तर दिलं नाही. पण प्रश्न विचारायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं.

दुसरं, तुमच्या बॉयलरला कळत नसे की इन्स्पेक्टर आलाय. या सप्टेंबरात ॲन्थ्रॉपिकने क्लॉड सॉनेट ४.५ बरोबर जो अहवाल काढला, त्यात कंपनीने स्वतःच लिहिलं आहे की काही चाचण्यांमध्ये आपली परीक्षा चालू असल्याचं मॉडेलच्या लक्षात येतं आणि ते तसं बोलूनही दाखवतं. परीक्षेत शहाण्यासारखं वागणाऱ्याचं बाहेरचं वागणं कसं ओळखायचं?

तिसरं, बॉयलर फुटला तर त्या कारखान्यात फुटतो. मॉडेलची फाइल एकदा सार्वजनिक झाली की परत मागवता येत नाही. मी आयुष्यभर सदोष वस्तू परत मागवायचे नियम लिहिले. इथे तो उपायच नाही. या विचाराने मला खरंच झोप लागत नाही.

---

तिसरा_प्रहर (पुणे) | १३ नोव्हेंबर

प्रश्नाची पद्धत बदलली की उत्तर बदलतं, यावर बोलतो, कारण इथे आपला थेट संबंध आहे.

२०२३मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं की जे घातक प्रश्न जीपीटी-४ इंग्रजीत नाकारतं, तेच झुलूसारख्या कमी साहित्य उपलब्ध असलेल्या भाषेत भाषांतर करून विचारले तर बऱ्याचदा उत्तर देतं. मग मराठीचं काय? आम्ही घरगुती पातळीवर करून बघितलं आहे, शुद्ध मराठीत एक वागणं, बोलीत दुसरं. वेगवेगळ्या देशांतल्या एआय सेफ्टी इन्स्टिट्यूटांच्या गटाने सिंगापूरच्या पुढाकाराने दहा भाषांत एकत्र चाचणी घेतली, त्यात तेलुगू होती, मराठी नव्हती.

पहिल्या प्रतिसादात मी विरोध केला होता. आता एवढंच म्हणतो: चाचण्या इंग्रजीतच होणार असतील तर तुमचा नियम आमच्यापर्यंत पोचत नाही. आणि मराठीत चाचण्या लिहायच्या असतील तर आम्ही सहा जण विनामोबदला बसायला तयार आहोत.

---

रानजाई (औसा) | १३ नोव्हेंबर

सातवी मी. बोलीभाषेतले प्रश्न माझे विद्यार्थी तुमच्यापेक्षा चांगले लिहितील, अर्थात साधे प्रश्न.

---

कृष्णाकाठ (सांगली) | १४ नोव्हेंबर

राग कसला, ताई. वाद घातलात म्हणून लिहायला बळ आलं. सगळं नातवाला सांगून टाइप करून घेतोय.

शास्त्र पक्कं आहे म्हणता. आज आहे. १८६४मध्ये नव्हतं. पोलाद कसं थकतं, पाण्यातला क्षार पत्रा कसा खातो, हे तेव्हाच्या इन्स्पेक्टरला पुस्तकात मिळत नव्हतं. तो आत उतरायचा, बघायचा, लिहून ठेवायचा. अपघात झाला की मालकाने चोवीस तासांच्या आत लेखी कळवायचं हे कलम आमच्या कायद्यात आहे. अशा हजारो नोंदी साठल्या, त्यातून जाडीची गणितं आणि रेग्युलेशन पक्की झाली. पहिल्या कायद्यापासून १९५०पर्यंत ८६ वर्षं. तपासणी आधी आली, दाबाचं पुस्तक नंतर. दाबमापक मिळेपर्यंत तुम्ही थांबलात तर तो कधीच मिळणार नाही, कारण तो तपासणीतूनच घडतो.

चाचणीबद्दल. आम्ही हायड्रॉलिक टेस्ट घेतो ती कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबाने, पण थंड पाण्याने. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा गेलाच तर पाणी गळतं, स्फोट होत नाही. वाफेने तीच टेस्ट घेतली तर आम्हीच मेलो असतो. तुमच्यातही असं काही असेल, बंद खोलीत, बाहेरच्या तारा तोडून, रोजच्यापेक्षा जास्त ताण देऊन बघायचं.

आता कळण्याबद्दल. बॉयलरला कळत नाही, पण कारखान्याला कळतं ना! इन्स्पेक्टर गुरुवारी येणार म्हटलं की बुधवारी सगळं चकचकीत.

एक प्रसंग सांगतो. कारखान्याचं नाव सांगणार नाही. गळीत हंगामाचे दिवस, अग्निप्रदीपन (बॉयलर पेटवायचा समारंभ) ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या. मी तपासणीला गेलो, सगळं जागच्या जागी. सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला व्यवस्थित उघडला. सही करायला पेन काढलं. बॉयलर अटेंडंट, साठीच्या घरातला माणूस, चहा द्यायला म्हणून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मागल्या हंगामाचं लॉगबुक बघा." बघितलं. दाबाचा आकडा रात्रीच्या पाळीत पुन्हा पुन्हा मंजूर दाबाच्या वर गेलेला, आणि व्हॉल्व्ह एकदाही उघडल्याची नोंद नाही. म्हणजे व्हॉल्व्ह उघडूच नये म्हणून हंगामात त्याची स्प्रिंग कसून ठेवायचे आणि तपासणीआधी सैल करायचे. मी दाखला रोखला. खूप दबाव आला, चेअरमनपासून वरपर्यंत. पंधरा दिवस दाखला दिला नाही. नवा व्हॉल्व्ह बसला, त्याला सील लागलं, मगच धूर निघाला.

त्या अटेंडंटची नोकरी गेली. मी काही करू शकलो नाही. आमच्या कायद्यात त्याला वाचवणारं कलम नव्हतं. हे मला अजून सलतं.

म्हणून मागणं दोन. परीक्षेच्या दिवसावर विसंबू नका, रोजचं लॉगबुक मागा. आणि आतल्या माणसाला वाचवा.

---

पावसाळी_वाट (ल्युव्हन) | १४ नोव्हेंबर

काका, त्या अटेंडंटचं वाचून डोळे भरून आले.

कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्यात, ज्याला एसबी ५३ म्हणतात, हे आहे. गंभीर धोका दिसला आणि कर्मचाऱ्याने तो सरकारला कळवला तर त्याच्यावर सूड घेता येत नाही, आणि मोठ्या कंपन्यांना निनावी कळवायची सोय आत ठेवावी लागते. गंभीर सुरक्षा-घटना पंधरा दिवसांत कळवायची, जिवाला तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत. तुमचाच आकडा. त्याआधीच्या वर्षीचं, याहून कडक विधेयक गव्हर्नरांनी नाकारलं होतं. त्यातलं जे उरलं, ते नेमकं लॉगबुक आणि अटेंडंट उरलं.

---

ओव्हल_मैदान (मुंबई) | १५ नोव्हेंबर

एक भर. तपासणीचं काम खासगी संस्थांकडे द्यावं असा सूर सगळीकडे आहे. बॉयलरमध्येही २००७च्या दुरुस्तीने ती वाट उघडली. ठेवायला हरकत नाही, पण तपासणाऱ्याची फी मालक देणार असेल तर त्याची नेमणूक तरी मालकाच्या हाती नको. कंपनी कायद्यात लेखापरीक्षकांबाबत आपण हे ठेच खाऊन शिकलो आहोत.

---

निळी_शाई (लंडन) | शनिवार, १५ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार मानते. काल रात्री बसून अर्जाचा मसुदा पूर्ण बदलला.

आधी मी लिहिलं होतं, पहिल्या शंभर दिवसांत व्याख्या पक्क्या करीन, किती शून्यांची रेघ ते ठरवीन, सल्लामसलतीचा कागद काढीन. आता पहिल्या पानावर माणसं आली आहेत. इथल्या टास्कफोर्सच्या पहिल्या अहवालात होगार्थ यांनी लिहिलं होतं की सुरुवातीला खात्यात या क्षेत्राचा तीन वर्षांचा अनुभव असलेला पूर्णवेळ संशोधक एकच होता. त्यांनी आधी माणसं आणली, आणि म्हणून आज इन्स्टिट्यूटच्या शब्दाला कंपन्यांमध्ये वजन आहे. नियमांच्या टीमने ती माणसं शेजारच्या इमारतीत आहेत असं म्हणून चालणार नाही. कलम लिहिणारा आणि मॉडेल तपासणारा एकाच टेबलाशी बसले पाहिजेत, हे मी अट म्हणून घातलं आहे.

दुसऱ्या पानावर पातळ कायदा: माहिती मागायचा आणि आत जाऊन तपासायचा अधिकार, घटना कळवायचं बंधन, नोंदी जपायचं बंधन, कर्मचाऱ्याला संरक्षण. आकडे सगळे खालच्या नियमांत. मंत्री बदलले तरी एवढं विधेयक कुणालाही समजावता येईल. ओव्हल_मैदान, 'कोणत्या कलमाच्या बळावर' हे वाक्य मी भिंतीवर चिकटवलं आहे.

तिसरा_प्रहर, रानजाई, इंग्रजीशिवायच्या चाचण्यांचा परिच्छेद तुमचा आहे. या देशात घराघरांत पंजाबी, उर्दू, बंगाली, गुजराती, पोलिश बोलली जाते, त्यामुळे तो इथलाही प्रश्न आहे. मला तो सुचला नव्हता याचं वाईट वाटतं.

परत न मागवता येणाऱ्या फाइलचं उत्तर मात्र मला अजून मिळालेलं नाही. काका, तुमच्याकडेही नसावं. तो परिच्छेद मी प्रश्न म्हणूनच ठेवला आहे.

आणि एक विनंती. तुमच्या त्या तपासण्यांच्या वेळच्या वह्या आहेत का? आत उतरल्यावर काय आणि कोणत्या क्रमाने बघायचं, ते तुम्ही कसं लिहून ठेवत होता, ते मला बघायचं आहे.

---

कृष्णाकाठ (सांगली) | रविवार, १६ नोव्हेंबर

आहेत. एकोणीस वह्या, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. सकाळीच नातवाला वर चढवला होता. दोनांना वाळवी लागलीय, बाकी वाचता येतात. पहिल्या चार वर्षांत मी काय काय चुकीचं बघत होतो तेही त्यात आहे. आधी त्याच पाठवतो, त्यांचा उपयोग जास्त होईल.

फाइलचं उत्तर माझ्याकडे नाही, खरं आहे.

आज संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तुमच्याकडे दुपारी दीड, नातू व्हिडिओ कॉल लावून देतो म्हणतोय. वही क्रमांक एक समोर घेऊन बसतो. तिसरा_प्रहर आणि रानजाईबाईंनाही घ्या, मराठीत प्रश्न कसे लिहायचे ते मलाही ऐकायचंय.